रिकामा वेळ, कंटाळा आणि गुत्ता



चळवळीच्या अभ्यासवर्गात वेतनावर व्याख्यान होते, महागाईवर होते, जमिनीच्या प्रश्नावर होते. कंटाळा हा विषय मात्र कार्यक्रमपत्रिकेवर कधी येत नाही. कंटाळा ही भरल्या पोटाची तक्रार आहे, असा एक समज कार्यकर्त्यांच्या मनात घर करून बसलेला असतो. ज्याला उद्याच्या भाकरीची विवंचना आहे त्याला कंटाळायला सवड कुठली, असे तो विचारतो. आणि हाच कार्यकर्ता दिवेलागणीला वस्तीतल्या गुत्त्यावरून जाताना म्हणतो, ‘यांना दुसरा उद्योग नाही, म्हणून पितात.’ सकाळी ज्या श्रमिकाला सवड नसते त्याच श्रमिकाला संध्याकाळी उद्योग नसतो! ही विसंगती कुणाला बोचत नाही, कारण दोन्ही विधानांमागे एकच गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती अशी की, श्रमिकाच्या मोकळ्या वेळात त्याच्या मनाचे काय होते हा विचार करण्याजोगा प्रश्नच नव्हे.

मानसशास्त्रज्ञांनी मात्र त्याचा विचार केलेला आहे, आणि गेल्या दहापंधरा वर्षांत तर पुष्कळच केला आहे. त्यांचे सगळेच निष्कर्ष समाजवाद्याने डोळे मिटून स्वीकारावेत असे नाहीत. पण त्यांच्याकडे पाठ फिरविणेही परवडणारे नाही.

२०१४ च्या जुलैमध्ये ‘सायन्स’ या अमेरिकन नियतकालिकात व्हर्जिनिया विद्यापीठातील टिमोथी विल्सन आणि त्यांचे सहकारी यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यात अकरा प्रयोगांचा वृत्तान्त होता. माणसाला एका ओक्याबोक्या खोलीत सहा ते पंधरा मिनिटे एकटे बसवायचे. जवळ पुस्तक नाही, लेखणी नाही, टेलिफोन नाही. झोपायचे नाही, खुर्चीवरून उठायचे नाही. केवळ आपल्या विचारांत रमायचे. पुष्कळांना ते जड गेले. मन भरकटते, चित्त ठरत नाही, एकंदरीत अनुभव फारसा सुखाचा नाही, अशा नोंदी त्यांनी केल्या. हे केवळ विद्यार्थ्यांचे असेल अशी शंका येऊ नये म्हणून शेतमालाच्या बाजारात व चर्चमध्ये भेटलेल्या, १८ ते ७७ वर्षे वयाच्या नागरिकांकडूनही प्रयोग करवून घेतला. निष्कर्ष फारसा बदलला नाही. मग एका प्रयोगात खोलीमध्ये विजेचा सौम्य झटका देणारी कळ ठेवण्यात आली. हा झटका टाळण्यासाठी पैसे मोजू, असे ज्यांनी आधी सांगितले होते त्यांचाच हिशेब धरला. पंधरा मिनिटांत १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी स्वतःला निदान एकदा तरी झटका देऊन घेतला. एका गृहस्थाने तर १९० वेळा कळ दाबली. सरासरी काढताना त्याला वगळावे लागले.

वृत्तपत्रांना ही मेजवानीच होती. विचार करण्यापेक्षा माणसाला विजेचा झटका बरा वाटतो, अशा आशयाचे मथळे झळकले. पण प्रयोगात कुणालाही एखादा प्रश्न सोडवायला सांगितले नव्हते. भाडे कसे भरावे, मुलीला कोणत्या शाळेत घालावे, संप पुकारावा की वाटाघाटी कराव्यात, असा विचार करायला माणसे कंटाळतात, असे त्यातून मुळीच निघत नाही. त्यांना सांगितले होते ते असे की, कोणत्याही हेतूवाचून, नुसत्या विचारांनी स्वतःची करमणूक करा. शिवाय इतर अभ्यासकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासून दाखवून दिले की, सहभागी माणसांनी दिलेले गुण मोजपट्टीच्या मध्याच्या आसपास होते. म्हणजे अनुभव फार सुखाचा नव्हता, तसा असह्यही नव्हता. मथळ्यांना मध्य चालत नाही.

पुढे २०१९ मध्ये अकरा देशांतल्या सुमारे अडीच हजार विद्यार्थ्यांवर असाच प्रयोग झाला. त्या देशांत जपान, ब्राझील, तुर्कस्तान, मलेशिया, सर्बिया होते, भारत नव्हता. नुसत्या विचारापेक्षा वाचन किंवा तत्सम काही करणे अधिक सुखाचे, हे सर्वत्र आढळले. ‘पौर्वात्य मन चिंतनशील’ वगैरे जी भाषा आपल्याकडच्या व्यासपीठांवरून ऐकू येते तिला यातून फारसा आधार मिळत नाही, एवढे जाता जाता नमूद करण्यासारखे आहे.

या संशोधनातला खरा मोलाचा भाग झटक्यांचा नव्हे. विल्सन यांच्या विद्यार्थिनी आणि पुढे फ्लोरिडा विद्यापीठात अध्यापन करू लागलेल्या एरिन वेस्टगेट यांनी दोन गोष्टी पुढे आणल्या. पहिली अशी की, सुखद विचार करणे ही मेहनतीची क्रिया आहे. माणसाने आपल्याला आवडणारे चारदोन विषय आधी ठरवून ठेवले आणि त्यांची आठवण देणारी टिपणे समोर असली, तर त्याच रिकाम्या खोलीत तो अधिक रमतो. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी विल्सन यांच्यासह २०१८ मध्ये मांडलेली कंटाळ्याची उपपत्ती. कंटाळा दोन वाटांनी येतो. काम माणसाच्या कुवतीच्या मानाने फार सोपे किंवा फार अवघड असले तर लक्ष लागत नाही. आणि कामाला काही अर्थ आहे असे वाटत नसले, तर लक्ष लागूनही मन विटते. दोहोंपैकी एकही कारण पुरेसे आहे. कंटाळा हा आळसाचा भाऊ नव्हे. इथे तुझी शक्ती व्यर्थ जात आहे किंवा इथे तुझे प्रयोजन उरलेले नाही, अशी ती मनाने दिलेली सूचना आहे.

यात नवे काय, असे समाजवादी वाचक विचारील. दिवसभर एकच दट्ट्या ओढणाऱ्या माणसाला आपण कामाबाहेरच माणूस असल्यासारखे वाटते, हे मार्क्सने १८४४ च्या हस्तलिखितांत सांगून ठेवले आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रिटिश सरकारच्या औद्योगिक थकवाविषयक मंडळाने गिरणी-कारखान्यांतल्या एकसुरी कामाची रीतसर पाहणीही करविली होती. मात्र त्या पाहणीचा रोख उत्पादनावर होता. कंटाळलेला कामगार किती नग कमी काढतो, हे मोजायचे होते. घरी गेल्यावर त्या कंटाळ्याचे काय होते हे मोजण्यात मालकाला रस नव्हता. तो रस ज्यांना होता ती मंडळी व्हिएन्नात होती, आणि ती समाजवादी होती.

व्हिएन्नाच्या आग्नेयेस मरिएन्थाल नावाची कापडगिरणीची वसाहत होती. सारे गाव एका गिरणीवर जगत असे. १९२९ ते १९३० या काळात ती गिरणी टप्प्याटप्प्याने बंद पडली आणि ४७८ कुटुंबांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश कुटुंबांत एकही कमावता हात उरला नाही. १९३१ च्या अखेरीपासून मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझल यांच्या गटाने या गावाची पाहणी केली. तिच्या मुळाशी एक मासलेवाईक प्रसंग आहे. लाझार्सफेल्ड यांना आधी कामगारांच्या मोकळ्या वेळेचा अभ्यास करायचा होता. कामाचे तास आठ झाले होते, आणि कामगार मिळालेल्या सवडीचे काय करतो हे पाहावे असा त्यांचा मानस होता. पक्षाचे नेते ओटो बाउअर यांच्या कानी हे घातले तेव्हा ते चिडले. देशात बेकारी माजलेली असताना सवडीचा अभ्यास करणे हा मूर्खपणा आहे, बेकारीचा करा, असे त्यांनी सुनावले. तरुण संशोधकांनी ऐकले, बेकारीचा अभ्यास केला, आणि त्यांच्या हाती जे लागले तो सवडीचाच अभ्यास ठरला!

कारण मरिएन्थालच्या माणसांना आता सवडच सवड होती. वाटावे की, जन्मभर घड्याळाशी झुंजलेला कामगार आता वाचील, बाग फुलवील, सभांना येईल. घडले ते उलटेच. कामगारांच्या वाचनालयाने वर्गणी माफ केली होती, तरी १९२९ ते १९३१ या दोन वर्षांत घरी नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. पक्षाचे सभासद घटले. ‘आर्बायटर त्साइटुंग’ हे पक्षाचे विचारप्रधान दैनिक बेकारांना सवलतीत मिळे, पण त्याचे वर्गणीदार काही वर्षांतच साठ टक्क्यांहून अधिक कमी झाले. पक्षाचेच दुसरे छोटे, चित्रमय, हलकेफुलके दैनिक होते. त्याची घट त्या मानाने पुष्कळ कमी होती. ज्यांच्यासाठी अग्रलेख लिहिले जात होते, त्यांना ते वाचायला प्रथमच भरपूर वेळ मिळाला होता, आणि त्याच वेळी त्यांनी अग्रलेख वाचणे सोडले. पक्षाची साप्ताहिके चालविणाऱ्यांनी या आकड्यापाशी जरा थांबावे.

संशोधक खिडकीत बसून गावच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांची चाल मोजत. पुरुष हळू चालत, पुन्हा पुन्हा थांबत, पुष्कळांनी घड्याळ वापरणे सोडून दिले होते. दिवसाचा तक्ता भरायला दिला की उठणे, जेवण आणि झोप एवढेच त्यांना आठवे. मधल्या तासांत काय केले ते सांगता येत नसे. स्त्रियांचा तक्ता मात्र गच्च भरलेला असे. गिरणी बंद पडली म्हणून चूल, धुणे, शिवणटिपण, मुले बंद पडली नव्हती. स्त्रियांचा फक्त पगार गेला होता. काम गेले नव्हते. पुरुषांचे दोन्ही गेले होते. घरातली ही श्रमविभागणी पाहून तेव्हाच्या पक्षाने काय बोध घेतला असेल ते असो. आजच्या पक्षांनीही फारसा घेतलेला दिसत नाही.

याहोडा यांनी पुढे १९८२ मध्ये या साऱ्याचा अर्थ नीट उलगडून दाखविला. नोकरी पगार तर देतेच, पण त्याच्या आडून आणखी काही देते. दिवसाला बांधणी मिळते, घराबाहेरची माणसे भेटतात, एकट्यादुकट्याच्या आवाक्याबाहेरच्या कामात वाटा मिळतो, समाजात एक ओळख मिळते आणि हातापायांना नियमित चालना राहते. शोषणाची व्यवस्थाच या गरजा भागविते, हा भांडवलशाहीचा मोठा विनोद म्हटला पाहिजे. ती व्यवस्था माणसाला बाहेर फेकते तेव्हा पैशाबरोबर हे सारे जाते. वेस्टगेट यांच्या शब्दांत सांगायचे तर लक्ष लावायला जागा उरत नाही, आणि लावण्यात अर्थ उरत नाही. कंटाळ्याची दोन्ही दारे एकदम उघडतात.

मरिएन्थालचा अहवाल दारूवर नाही. दारूवरचा वाद त्याच पक्षात त्याआधी चाळीसेक वर्षे चाललेला होता. पक्षाचे संस्थापक व्हिक्टर आडलर हे पेशाने डॉक्टर. १८८८ मध्ये ते व्हिएन्नाजवळच्या वीटभट्ट्यांत शिरले आणि तिथल्या कामगारांना मजुरीपोटी पत्र्याचे बिल्ले मिळतात हे त्यांनी उजेडात आणले. ते बिल्ले कंपनीच्याच कॅन्टीनमध्ये चालत, तेही चढ्या भावाने. श्रमिकाचा पैसा कोणत्या वाटेने परत जातो ते आडलर यांनी जवळून पाहिले होते, आणि मद्याला त्यांचा कडवा विरोध होता. विचार करणारा कामगार पीत नाही आणि पिणारा विचार करीत नाही, हा त्यांच्या नावावर मोडणारा घोष ऑस्ट्रियात सर्वतोमुखी झाला. याच सुमारास, १८९०–९१ मध्ये, जर्मनीत कार्ल काउट्स्की वेगळेच सांगत होते. त्यांच्या मते, दमनाच्या काळात कामगाराला मोकळेपणी एकत्र बसायला दारूगृहावाचून दुसरी जागाच नव्हती. ते काढून घेतले तर त्याचे राजकीय जीवनच संपेल. दोघांचे म्हणणे एकत्र वाचले म्हणजे ध्यानात येते की, दोघेही दारूपेक्षा संध्याकाळविषयी बोलत होते. कामगाराने ती कुणाबरोबर, कुठे आणि कशासाठी घालवावी?

आता आजच्या मानसशास्त्राकडे वळू या. १९९८ मध्ये अँथनी ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओठांवर न येणारी, पण मनात मुरलेली वृत्ती मोजण्याची एक युक्ती काढली. पडद्यावर शब्द किंवा चित्रे येतात आणि डावी-उजवी कळ दाबून त्यांची वर्गवारी करायची असते. ज्या दोन कल्पना मनात आधीपासून जोडलेल्या असतात त्यांची वर्गवारी क्षणभर लवकर होते. हा फरक सेकंदाच्या अंशांत मोजतात. ही कसोटी मद्यपानाला लावली तेव्हा एक लक्षणीय गोष्ट पुढे आली. क्रिस्टन लिंडग्रेन, वेस्टगेट, ग्रीनवाल्ड प्रभृतींनी २०१३ मध्ये विद्यार्थ्यांच्या सुप्त वृत्तींची तुलना केली. दारूने मजा येते ही वृत्ती, दारूकडे ओढले जाण्याची वृत्ती, दारूने दुःख हलके होते ही वृत्ती, आणि ‘मी पिणारा आहे’ ही ओळख. यांपैकी प्रत्यक्ष पिण्याशी सर्वांत घट्ट नाते आढळले ते शेवटच्या वृत्तीचे, म्हणजे ओळखीचे. चव, नशा, दुःख यांच्यापेक्षा ‘मी कोण’ हा प्रश्न बलवान ठरला. समाजमाध्यमांवर आपल्या पिण्याची छायाचित्रे व मजकूर मिरविणारे विद्यार्थी अधिक पितात, असेही याच मंडळींना आढळले. गुत्त्याची भिंत आता खिशात मावते इतकेच.

ही ओळख बदलता येते काय? जर्मनीतील एका उपचारकेंद्रात राइनआउट वीर्स यांच्या गटाने २१४ मद्यासक्त रुग्णांपैकी काहींना एक सराव दिला. मद्याची चित्रे पडद्यावर आली की हातातल्या दांड्याने ती दूर ढकलायची. केंद्राचा नेहमीचा उपचार सर्वांनाच चालू होता. वर्षानंतर पाहिले तेव्हा सराव केलेल्यांत पुन्हा व्यसनाकडे वळलेल्यांचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांनी कमी होते. २०११ मधला हा निष्कर्ष आशादायक आहे खरा. पण २०१९ मध्ये जवळजवळ पाचशे अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, त्याने उत्साहाला लगाम घातला. सुप्त वृत्ती तात्पुरती हलविता येते, परंतु तेवढ्याने वर्तन बदलते असा पुरावा मिळत नाही. एखाद्या माणसाची कसोटी घेऊन तो उद्या पिईल की नाही, हे सांगणे तर दूरच राहिले. उद्या एखाद्या मालकाने भरतीच्या वेळी असली कसोटी लावून माणसे चाळायचे मनात आणले, तर कामगार संघटनांनी हा आढावा त्याच्यापुढे ठेवावा.

प्रयोगशाळेतला तो दांडा आणि मरिएन्थालचा रस्ता यांच्यात हाच भेद आहे. दांडा ढकलून परतलेला रुग्ण घरी जातो ते कोणत्या घरी, कोणत्या संध्याकाळी, कोणत्या मित्रांत? ‘मी पिणारा’ ही ओळख पुसायची तर तिच्या जागी ठेवायला दुसरी ओळख हाताशी असावी लागते. ती माणसाला एकट्याने, ओक्याबोक्या खोलीत बसून घडविता येत नाही. मुंबईच्या गिरणगावात एकेकाळी ती घडत होती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १० जून १८९० पासून गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. पुढल्या पिढ्यांनी त्या सुटीत भजनी मंडळे, तालमी, वाचनालये आणि नाटकमंडळ्या उभ्या केल्या. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ मध्ये उभे राहिले. राष्ट्र सेवा दलाचे कलापथकही गावोगाव हिंडले. तिथे डफ वाजविणारा माणूस डफवाला होता. त्याच्या संध्याकाळीत लक्ष लावायला काम होते आणि कामाला अर्थ होता. गिरणगाव दारूमुक्त होते असा याचा अर्थ नव्हे. तिथे गुत्तेही होते, आणि कलापथकातलीही माणसे पीत असत.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. पिणाऱ्याच्या कंटाळ्याची, त्याच्या ओळखीची एवढी चौकशी चालली आहे. ज्या बाईची मजुरी गुत्त्यावर जाते आणि जिच्या पाठीवर वळ उठतात, तिच्या मनाची कसोटी कुणी घेतली? ती तर कंटाळली म्हणून पीत नाही. मरिएन्थालच्या बाईप्रमाणे तिचा तक्ता भरलेला आहे. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी आली ती जनआंदोलनाच्या रेट्याने. राज्यातल्या कित्येक गावांत स्त्रियांनी आडव्या बाटलीला मते देऊन दुकाने बंद पाडली. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये ती उठली. बंदीच्या यशापयशाचा हिशेब हा स्वतंत्र विषय आहे. पण दुकान बंद करण्याची मागणी आणि पुरुषाच्या संध्याकाळची सोय या दोन गोष्टी एकमेकींच्या जागी बसविता येत नाहीत. पहिलीसाठी स्त्रियांनी पुरुषांच्या मनःपरिवर्तनाची वाट पाहत थांबावे, असे सांगण्याचा अधिकार कोणत्याही मानसशास्त्राला नाही, आणि पक्षालाही नाही. दुसरी गोष्ट पक्षाने स्वतःहून करायची आहे.

ती कशी करावी याचा एक धडा मरिएन्थालच्या संशोधकांकडून घेता येईल. गावात नुसते टिपणवही घेऊन हिंडायचे नाही, गावाला उपयोगी पडेल असे काहीतरी प्रत्येकाने केले पाहिजे, असा त्यांचा नियम होता. त्यांनी कपडे जमवून सुमारे दोनशे कुटुंबांना वाटले, वैद्यकीय तपासणी ठेवली, स्त्रियांसाठी कपडे बेतण्याचा वर्ग चालविला, मुलींसाठी व्यायामाचा. त्या वर्गांत माणसे बोलू लागली. गावाविषयी जे कळले त्यातले पुष्कळसे तिथेच कळले. याहोडा यांना पुढे १९३६ मध्ये भूमिगत समाजवादी कार्यासाठी अटक झाली, आणि देश सोडण्याच्या अटीवर १९३७ मध्ये त्यांची सुटका झाली. मरिएन्थालचे पुस्तक तेव्हा चार वर्षांचे होते.

शिबिर संपवून आपापल्या गावी परतणाऱ्या शाखांनी त्यांचाच तक्ता एका आठवड्यासाठी भरून पाहावा. एका कागदावर वस्तीतला गुत्ता किती वाजता उघडतो, किती वाजता गर्दी होते, तिथे कोण कुणाशी काय बोलतो. दुसऱ्यावर पक्षाचे कार्यालय किती वाजता उघडते, तिथे कोण येतो, आलेल्याला हाताला काम मिळते की केवळ भाषण ऐकावे लागते, आणि किल्ली कुणाकडे असते. तिसरा कागद वस्तीतल्या स्त्रियांनी भरायचा आहे. तो भरायला त्यांना वेळ कधी मिळेल, हे आधी त्यांनाच विचारावे लागेल.